एका बापाची झडप

मेंदूवर शस्त्रक्रिया झालेले मूल घरी केव्हा येणार, हे केवळ शस्त्रवैद्याच्या कौशल्यावर ठरते, असे आपण समजतो. इतिहास निराळे सांगतो. १९५५ साली अमेरिकेत जॉन होल्टर या यंत्रकारागिराला मुलगा झाला. त्याच्या डोक्यात पाणी साचे. असे पाणी हृदयाकडे वाहून नेणाऱ्या त्या काळच्या नळ्या तुंबत आणि मुलांचा रुग्णालयातला मुक्काम सरत नसे. डॉ. यूजीन स्पिट्झ यांच्याकडून ही अडचण समजून घेऊन होल्टरने १९५६ मध्ये सिलिकोनची एकमार्गी झडप घडविली. तिने कित्येक मुले घरी परतली. त्याचा स्वतःचा मुलगा मात्र बालपणीच गेला. नळी तुंबली किंवा जंतुसंसर्ग झाला, तर आजही मुक्काम लांबतोच. म्हणून या इतिहासात आपण शस्त्रवैद्याशेजारी त्या कारागीर बापालाही जागा दिली पाहिजे.