शिक्षकांचं प्रशिक्षण : कोणत्या देशात कसं?

जपान : एक शिक्षक धडा शिकवतो, बाकीचे वर्गातच थांबून मुलं कुठं अडतात ते टिपून घेतात. नंतर एकत्र बसून धडा सुधारतात.

सिंगापूर : शिक्षकाला वर्षाला 100 तासांपर्यंत प्रशिक्षणाचा हक्क.

फिनलंड : कायम शिक्षक व्हायलाच पदव्युत्तर पदवी लागते.

भारत : 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षाला किमान 50 तास सांगितलेत. महाराष्ट्रात केंद्रातल्या शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेला जमतात.

खरा फरक तासांपेक्षा जागेचा. जपानात प्रशिक्षण मुलांसमोर होतं, आपल्याकडं बरंचसं सभागृहात नाहीतर मोबाईलवर. दोनशिक्षकी शाळेतला एक गुरुजी प्रशिक्षणाला गेला, की चारही वर्ग दुसऱ्याच्या अंगावर पडतात.