चवदार तळ्याचा जमाखर्च

इतिहासाच्या पुस्तकांत लढायांना जागा फार, ठरावांना थोडी. तलवारीचा खणखणाट दूरवर ऐकू जातो. सभेच्या वहीतला ठराव बिचारा मुकाच राहतो. तरीही महाडच्या चवदार तळ्याची हकीकत वाचताना मला नेहमी वाटते, की आधी वही उघडावी आणि मग तळ्याच्या काठावर जावे.

महाड हे जुने बाजारपेठेचे गाव. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरते, पोलादपुरावरून महाडास येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीला मिळते. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. १९८१ मध्ये ते रायगड झाले. गावात चार-पाच एकरांचे तळे, भोवती रस्ता आणि रस्त्यापलीकडे घरे. या तळ्यावर सवर्ण हिंदू पाणी भरीत, मुसलमान भरीत. मज्जाव होता तो ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत, त्या माणसांना.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली वा राखलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा त्याचा आशय. सप्टेंबरात सरकारने खातेप्रमुखांना अंमलबजावणीचा हुकूम काढला. ५ जानेवारी १९२४ रोजी महाडच्या म्युनिसिपालिटीनेही ठराव केला, की अस्पृश्यांनी तळे वापरण्यास आपली हरकत नाही. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी उदार मनाची माणसे तिथे होती, हे विसरून चालणार नाही.

पण वाचकहो, ‘आमची हरकत नाही’ आणि ‘तुम्हाला पाणी मिळेल याची जबाबदारी आमची’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिल्याला शाई पुरते. दुसऱ्याला धैर्य लागते. ठराव झाला, घागर रिकामीच राहिली. १९२६ च्या ऑगस्टात बोल्यांनी दुसरा ठराव मांडला, की जी म्युनिसिपालिटी वा लोकल बोर्ड अंमल करणार नाही, तिचे अनुदान थांबवावे. मला हा दुसरा ठराव पहिल्याहून शहाणपणाचा वाटतो. कर्तव्य चुकले तर त्याची किंमत मोजावी लागेल, हे त्यात प्रथमच स्पष्ट बोलले गेले.

१९२७ च्या मार्चात महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे आदी मंडळींनी खटपट केली; अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर. परिषदेला पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. हाकेच्या अंतरावर सार्वजनिक तळे, त्याबद्दल तीन वर्षांपूर्वीचा ठराव, आणि पाहुण्यांसाठी पाणी विकतचे! त्या चाळीस रुपयांइतका बोलका हिशेब मला या साऱ्या प्रकरणात दुसरा दिसत नाही.

२० मार्चला लोक शिस्तीने तळ्यावर गेले. डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले, मागोमाग इतरांनी. पुढे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल उठली आणि परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी १०८ घागरींत शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून मंत्रघोषात त्या तळ्यात बुडवण्यात आल्या. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या तारखेला, म्युनिसिपालिटीने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. कोणी पाणी पीत नव्हते तोवर ठराव टिकला. माणसे पाणी प्याली आणि तो गेला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा गावातील काही मंडळींनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मिळवला. तळे खाजगी आहे, अशी त्यांची बाजू. हजारो माणसे जमलेली असताना डॉ. आंबेडकरांनी कोर्टाचा हुकूम मानला. तळ्याभोवतून मिरवणूक गेली; पाण्याला कोणी हात लावला नाही. मग महाडचे कोर्ट, ठाण्याचे कोर्ट, शेवटी मुंबईचे हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी दावेदारांचे अपील फेटाळले. तळे खाजगी ठरले नाही. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हेही सिद्ध झाले नाही. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्यापूर्वी असा मज्जाव करण्याचा कोणी प्रयत्न तरी केला असेल काय, अशी शंका न्यायमूर्तींनी घेतली. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली, त्यांना तीन दिवस तेवढे कमी.

१९५० मध्ये राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा उल्लेख आहे, आणि सरकारी पैशाने राखलेल्या जागांचाही. बोल्यांच्या ठरावातला मुद्दा असा देशाच्या कायद्यात जाऊन बसला.

मग काम संपले काय? महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत पावसाळ्यात आभाळ फाटते आणि एप्रिल-मे महिन्यांत हंड्यांच्या रांगा लागतात, टँकरची वाट पाहावी लागते. आज ग्रामसभा आहे, पाण्याच्या योजना आहेत, २००५ पासून माहिती मागण्याचा अधिकार आहे. नळ कोणाच्या दाराशी आला, कोणाची वाडी राहिली, पैसा कुठे मुरला, हे विचारायला आता सत्याग्रह करावा लागत नाही. एक अर्ज पुरतो. फक्त विचारणारा हवा, आणि उत्तर देण्यास बांधलेला माणूसही.

लक्ष्मीपूजनाला आपले व्यापारी वह्यांना हळदकुंकू वाहतात आणि मग वर्षाचा जमाखर्च मांडतात. गावाच्या पाण्याची वहीही वर्षातून एकदा अशीच सर्वांसमोर उघडावी. जमेच्या बाजूला ठराव लिहावे. पण नावे टाकताना शेवटच्या वाडीतल्या बाईच्या हंड्यात किती पाणी पडले, ते तिलाच विचारून लिहावे.