खुबा, शस्त्र आणि मांडी

ढाणकीच्या रस्त्याने काठी टेकीत, एक पाय आखूड टाकीत जाणारा एखादा म्हातारा तुम्ही पाहिला असेल. विचारले तर म्हणेल, "लहानपणी खुबा पिकला होता, बाप्पा!" या दुखण्याशी वैद्यांनी कशी झुंज दिली, ते आज पाहू.

हाडात पू झाला की जखम वर्षानुवर्षे वाहते. आपण तिला हाड्याव्रण म्हणतो. सुश्रुतसंहितेत अशा खोल, वाहत्या जखमेला नाडीव्रण म्हटले आहे. हात सडला तर तो कापून जीव वाचवीत. पण कंबर कापणार कशी? १८२१ साली लंडनच्या अँथनी व्हाइटने पाय न तोडता मांडीच्या हाडाचे सडके डोके तेवढे काढले. पुढे १९४३ मध्ये ऑक्सफर्डच्या गर्डलस्टोनने सांगितले, की डोके आणि मान काढा व जखम उघडी ठेवा, म्हणजे पू कोंडणार नाही.

त्याच सुमारास पेनिसिलिन आले. १९५५ पासून ते आपल्या पिंपरीच्या सरकारी कारखान्यात होऊ लागले. मग शस्त्राचे काम संपले का? नाही. औषध रक्तातून जाते आणि मेलेल्या हाडात रक्तच पोचत नाही. तो तुकडा काढावाच लागतो.

क्षयाने खुबा गेला, की तो जखडून टाकण्याची रीत होती. खुर्चीवर बसणाऱ्याचे त्यात भागते. पण आपल्याला पंगतीत मांडी घालायची, निंदायला उकिडवे बसायचे! वाराणसीच्या डॉ. तुली आणि डॉ. मुखर्जी यांनी १९८१ साली दाखवून दिले, की हाडाचे डोके काढल्यावर पाय थोडा आखूड होतो, पण बहुतेक रोगी उकिडवे बसू शकतात. शस्त्रक्रिया तीच, तिचे मोल मात्र आपल्या बसण्याने ठरले.

गुरुजी, एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. मुलाला ताप आहे, पाय टेकवत नाही, खुबा हलवू देत नाही, तर मालीश करीत दिवस घालवू नका. सांध्यातला पू थोड्या दिवसांत हाड खातो. नागपूरला १९४७ पासून आणि यवतमाळला १९८९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच दिवशी इस्पितळ गाठा. वेळेवर पू काढला, तर त्या पोराच्या हाती काठी येण्याची पाळी बहुधा टळते.