जुन्या रायफलीचे मोल

वस्तू जितकी जुनी तितकी मोलाची, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेतील ‘विंचेस्टर १८९४’ या शिकारी रायफलीचा इतिहास पाहता ही समजूत अपुरी ठरते.

जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेची ही रायफल. चापाभोवतीचा दांडा खाली-वर केला की रिकामे काडतूस बाहेर पडते व नवे आत बसते. धूरविरहित दारूचे काडतूस तिच्यासाठी १८९५ मध्ये आले आणि हरणांच्या शिकारीत ती सर्वत्र रुळली. पुढे तिचे सत्तर लाखांहून अधिक नग निघाले. तेव्हा केवळ वयामुळे ती दुर्मीळ ठरत नाही.

१९६४ मध्ये खर्च वाचविण्यासाठी तिच्या घडणीत काटकसर झाली. पोलादातून कोरलेल्या काही भागांच्या जागी ठशाने दाबून काढलेले भाग आले. जाणकारांना ते रुचले नाही. तेव्हापासून ‘चौसष्टपूर्व’ रायफलीला बाजारात वेगळा मान मिळतो.

पारखी प्रथम क्रमांकावरून तिचे साल काढतो. मग नळीचा अंतर्भाग, पोलादावरील मूळ निळसर झाक, लाकडी दस्त्याच्या कडा न्याहाळतो. वारसाने हौसेने घासूनपुसून चकचकीत केलेली रायफल येथे उणी ठरते. गेलेली मूळ झाक परत आणता येत नाही. वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयात कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत. त्यांतील नोंदीशी रायफल जुळली, तर तिची किंमत वाढते.

आम्हां स्थलांतरित घराण्यांनी हे ध्यानी घ्यावे. आपल्याकडे वस्तू जपल्या जातात, उजळल्याही जातात. त्यांची साक्ष देणारे मोडी कागद मात्र माळ्यावर कसरीच्या तोंडी पडतात.