रिकम्बंट सायकल
पाठीमागे रेलून, पाय पुढे पसरून चालवायची सायकल. हवेचा अडथळा कमी होत असल्याने सपाटीवर ती वेगवान ठरते. 1933 मध्ये फ्रान्सिस फॉर हा सायकलपटू चार्ल्स मोशे यांनी बनवलेल्या अशा सायकलवर तासाभरात 45 किमीहून अधिक धावला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ती अधिकृत स्पर्धांतून बाद केली.

खरी परीक्षा चढावर. उदाहरणार्थ, दुसरबीडहून (ता. सिंदखेड राजा) चिखलीमार्गे बुलढाणा आणि पुढे घाट उतरून मलकापूर गाठता येते, परतताना मात्र तोच राजूर घाट चढावा लागतो. मंद वेगात हवेचा फायदा जवळजवळ उरत नाही. उभे राहून पेडलवर अंगाचा भार टाकता येत नाही, आणि दुचाकी रिकम्बंटचा तोल डगमगतो. तीनचाकीत तोलाचा प्रश्न नाही, पण वजन वाढते. स्वारासह 90 किलो वजन 6 टक्के चढावर ताशी 8 किमीने न्यायला केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे 118 वॅट लागतात.

म्हणून मोटर लावावी का? आधी लहान गिअर लावून पाहावेत. ते स्वस्त पडतात, गुडघेही वाचतात. मोटर-बॅटरीचे 6 किलो याच चढावर जेमतेम 8 वॅट जादा मागतात, म्हणजे वजनाची तक्रार फारशी टिकत नाही. लांब घाटात चाकातली मोटर मंद वेगात तापते; पेडलपाशी बसवलेली मोटर गिअरचा उपयोग करून घेते, म्हणून तीच बरी. भारतात 250 वॅटपेक्षा कमी क्षमतेच्या आणि ताशी 25 किमीच्या आत धावणाऱ्या विद्युत सायकलींना, इतर अटी पाळल्यास, नोंदणी लागत नाही.