वसई-विरार परिसर : संगणकीय तंत्रज्ञानाचे सामाजिक व नैतिक प्रश्न

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. वसई, नालासोपारा, विरार व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे तीत आली. लोकसंख्या सु. १२.२ लाख (२०११). पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला आणि मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले. त्यामुळे पुढील काही घटना जुन्या दप्तरांत ठाण्याच्या नावे आढळतात. या पट्ट्यात मोबाइल व समाजमाध्यमांमुळे उभे राहिलेले प्रश्न मुख्यतः पोलिस ठाण्यात आणि न्यायालयात तपासले गेले. प्रस्तुत नोंदही त्याच अंगाने केली आहे.

पालघर प्रकरण व कलम ६६ अ : शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांचे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी निधन झाले. दुसऱ्या दिवशी, अंत्यसंस्काराच्या वेळी मुंबई व परिसर बंद होता. विरारच्या उत्तरेस, पश्चिम रेल्वेवरील पालघर येथील एका तरुणीने हा बंद आदरापोटी नव्हे, सक्तीपोटी पाळला जात आहे अशा आशयाचा मजकूर फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शवली. स्थानिक शिवसेना पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून दोघींना अटक झाली. तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची जमावाने मोडतोड केली. १९ नोव्हेंबरला दोघींना प्रत्येकी १५,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर जामीन मिळाला. भारतीय दंड संहितेच्या कलमांबरोबर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६ अ लावण्यात आले होते. हे कलम २००८ च्या दुरुस्तीने घातले गेले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलात आले. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा त्रास, गैरसोय निर्माण करणारा संदेश पाठवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, असा त्याचा आशय. त्रास म्हणजे काय, गैरसोय कोणाची, याची व्याख्या मात्र कायद्यात कोठेही नव्हती. पडद्यावरील एका बटणाने दर्शवलेली पसंती संदेश ‘पाठवणे’ ठरते काय, हा प्रश्न तर कायदा करणाऱ्यांच्या मनातही आला नसावा.

कोकण परिक्षेत्राच्या पोलिस महानिरीक्षकांच्या चौकशीनंतर ठाणे ग्रामीणचे पोलिस अधीक्षक व पालघरचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले. जामीन देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांची उच्च न्यायालयाने बदली केली. दोघींवरील प्रकरण पुढे पोलिसांनी बंद केले. दोन दिवसांत घडलेली अटक निस्तरायला शासनाला काही आठवडे लागले. त्या दोन घरांनी या काळात काय सोसले, त्याची नोंद कोणत्याही निकालपत्रात नाही.

याच अटकेने उद्विग्न होऊन दिल्लीतील विद्यार्थिनी श्रेया सिंघल यांनी नोव्हेंबर २०१२ अखेर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने सूचना काढून ६६ अ खालील अटकेपूर्वी ग्रामीण व शहरी भागात उपायुक्त दर्जाच्या आणि महानगरांत महानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची संमती आवश्यक केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. जे. चेलमेश्वर व न्या. रोहिंटन नरिमन यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्यांत निकालपत्राने भेद केला. मत कितीही अप्रिय असले तरी ते चिथावणीच्या पायरीला पोचेपर्यंत राज्याला हात घालता येत नाही, असे त्यात मांडले आहे. कलम ६९ अ (मजकूर अडवण्याचा शासनाचा अधिकार) मात्र कायम राहिले आणि त्यावर पुरेशी चर्चा झाली नाही, हे प्रस्तुत संकलकास या निकालाचे न्यून वाटते. रद्द कलम वापरात राहिले : मार्च २०२१ मध्ये अकरा राज्यांत ७४५ प्रकरणे प्रलंबित असल्याचे पीयूसीएल या संघटनेने न्यायालयाच्या निदर्शनास आणले. या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असा आदेश ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा द्यावा लागला.

अफवा : मुले पळवणारी टोळी आल्याच्या संदेशांमुळे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची जमावाने हत्या केली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. ७ एप्रिल २०२० रोजी वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली गेली. त्यानंतर नऊच दिवसांनी, १६ एप्रिलच्या रात्री, टाळेबंदीत पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांना जमावाने मारले. चोरांविषयीच्या अफवा त्या भागात आधी काही दिवस पसरल्या होत्या. त्यांत मोबाइलचा वाटा किती व तोंडी बातमीचा किती, तसेच घटनेमागील हेतू, यांविषयी मतभेद आहेत.

चित्रण : १८ जून २०२४ रोजी वसई पूर्वेत भररस्त्यात एका तरुणीचा खून झाला. एका तरुणाने मारेकऱ्याला रोखण्याचा प्रयत्न केला, बाकीचे बघत राहिले. घटनेची चित्रफीत देशभर फिरली. मृत व्यक्तीचे अखेरचे क्षण पुढे पाठवण्याला तिच्या कुटुंबाची संमती कोण विचारतो, हा प्रश्न प्रचलित कायद्याच्या चौकटीत नीट बसत नाही.

कॉल सेंटर : ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील केंद्रांवर छापे घातले. अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तेथील नागरिकांना धमकावले जाई व भेट-कार्डांच्या रूपाने पैसे उकळले जात. शेकडो कर्मचाऱ्यांची चौकशी झाली, सु. ७० जणांना अटक झाली. त्यांतील बहुतेक विशीतील मुले-मुली होती. परकी नावे आणि पाठ केलेली संहिता हातात घेऊन ती रात्रपाळी करत. मुख्य आरोपी एप्रिल २०१७ मध्ये सापडला.

मदत : आर्थिक सायबर फसवणुकीसाठी राष्ट्रीय दूरध्वनी क्र. १९३०.