वॉटर्लू, पानिपत आणि इब्राहिमखान

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. इंग्रजीचे सर रजेवर असले की नववीचा त्यांचा तास माझ्याकडे येतो. गेल्या वर्षी असाच एक तास आला. विषय होता संकट, अडचण सांगणारे इंग्रजी वाक्प्रचार. अर्थ सांगा व वाक्यात उपयोग करा.

‘हॉब्सन्स चॉइस’ मुलांना लगेच कळला. केंब्रिजचा थॉमस हॉब्सन घोडे भाड्याने द्यायचा. 1631 मध्ये तो वारला. दाराजवळ उभा असेल तोच घोडा घ्या, नाहीतर पायी जा, हा त्याचा नियम. एक मुलगी म्हणाली, “सर, रेशनच्या दुकानासारखंच की!”

पुढचा होता ‘टू मीट वन्स वॉटर्लू’. 18 जून 1815 रोजी बेल्जियममधल्या वॉटर्लूला नेपोलियन हरला तो कायमचाच. त्याला हरवणाऱ्यांत वेलिंग्टन होता. याच माणसाने 23 सप्टेंबर 1803 रोजी आपल्या जालना जिल्ह्यातल्या आसईला शिंदे-भोसल्यांचा पराभव केला होता. तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता. मी फळ्यावर लिहिलं, मराठीत याला ‘पानिपत होणे’ म्हणतात.

मागच्या बाकावरून हळू आवाजात प्रश्न आला. “सर, क्रिकेट खेळताना पलीकडच्या गल्लीतली पोरं आम्हाला अब्दाली म्हणतात. पानिपतात आपण कुणीकडे होतो?”

वर्ग चिडीचूप झाला. लहानपणी मलाही कुणीतरी असंच डिवचलं होतं. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खडू खाली ठेवला आणि सांगायला लागलो. 14 जानेवारी 1761. अब्दालीच्या बाजूने नजीबखान रोहिला होता, अवधचा शुजाउद्दौला होता. हे लपवायचं कारण नाही. पण सदाशिवरावभाऊंच्या बाजूने तोफखाना आणि कवायती पायदळ घेऊन इब्राहिमखान गारदी उभा होता. आधी निजामाच्या चाकरीत असलेला, फ्रेंच पद्धतीने तयार झालेला सरदार. रसद तुटलेली, फौज उपाशी. तरी त्या सकाळी त्याच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी पार खिळखिळी केली. त्यातले बहुतेक तिथेच पडले. इब्राहिमखान जखमी होऊन पकडला गेला आणि कैदेत मारला गेला. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दरही याच लढाईत घायाळ झाला आणि त्या जखमांनीच गेला.

“म्हणजे दोन्हीकडे होतो?” त्याने विचारलं.

“दोन्हीकडे होते. तिकडचे लपवायचे नाहीत, इकडचे विसरायचे नाहीत. आणि तू कुठल्याच लढाईत नव्हतास, बेटा. तू इथला आहेस, एवढं पुरे.”

दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला आल्या. त्याने इंग्रजीत वाक्य केलं होतं, त्याचा अर्थ असा: ‘इब्राहिमखानाला पानिपतावर त्याचं वॉटर्लू भेटलं, पण त्याने भाऊंची साथ सोडली नाही.’ वाक्प्रचार बरोबर, व्याकरण बरोबर. इतिहासाच्या मास्तरांनी मात्र लाल शाई वापरली असती. वॉटर्लू व्हायला तेव्हा अजून 54 वर्षं होती!

मी पूर्ण गुण दिले. समासात एवढंच लिहिलं: ‘हे वाक्य पलीकडच्या गल्लीतही वाचून दाखव.’